ज्या बाजूने पक्षी आत गेला

जामनेर,
२ डिसेंबर २०२४

चि. मुस्कान,

जय जिनेंद्र.

फोन लावून देतो म्हणून अमन मागे लागला होता. पण माझ्या कानात फोनमधलं बोलणं म्हणजे नुसती मधमाश्यांची गुणगुण. यंत्र लावावं तर ते शिट्टी मारतं. आणि जे विचारायचं आहे ते तुझ्या भावाने माझ्या वतीने दुकानात उभं राहून ओरडून विचारावं, असं नाही. म्हणून पत्र. तूही पत्रानेच उत्तर दे.

परवा जैन स्थानकात सामायिकाचं ध्यान आटोपलं आणि पुखराजजींनी घडी घातलेलं वर्तमानपत्र माझ्यापुढे केलं. "मिश्रीलालजी, ही आपलीच नात ना?" फोटोत तूच होतीस. डहाणूची खाडी, गुडघाभर चिखल, मागे बांबूंना ताणलेलं जाळं, आणि तुझ्या मुठीत चिमणीएवढा पक्षी. त्याची मान तुझ्या दोन बोटांत.

दोन वर्षं तू "पक्ष्यांचा अभ्यास करते" म्हणून सांगत आलीस. मी समजत होतो, दुर्बिणीतून बघायचं आणि लिहून ठेवायचं. दिव्यावर किडा येऊन जळू नये म्हणून आपल्या घरात सूर्य मावळल्यावर ताट वाढत नाहीत. त्या घरातली पोर जाळी लावते? पेपर परत दिला आणि चपला शोधत बसलो, चपला समोरच होत्या.

दुसरी गोष्ट. जानेवारीत तुमची माणसं पहूरला चुडामणच्या दादरी ज्वारीच्या शेतात जाळी लावायला येणार, हे मला चुडामणकडून कळलं. तू त्याला परस्पर विचारलंस आणि तो हो म्हणून बसला. त्याला मी नाही म्हणायला सांगितलं आहे. तुझ्या पाठीमागे काही करायचं नाही, म्हणून हे कळवतो.

आता मला सरळ सांग. जाळ्यात सापडलेला पक्षी घाबरतो की नाही? त्याच्या पायात बेडी कशासाठी? आणि त्यातला एखादा मरतो का?

थंडी पडली आहे. कानटोपी घालत जा.

दादाजी


डहाणू,
९ डिसेंबर २०२४

प. पू. दादाजी,

जय जिनेंद्र आणि पायांना हात लावून नमस्कार.

तुमचं अक्षर पाकिटावर बघितलं आणि आधी आनंदच झाला. चुडामणकाकांना परस्पर विचारलं ते माझं चुकलं. तुम्हाला विचारलं तर तुम्ही नाही म्हणाल, ही भीती होती. आता तर तुम्ही म्हणालातच.

घाबरतो का? हो, घाबरतो. त्याचं काळीज तळहाताला लागतं, इतकं ते धडधडत असतं. म्हणून सगळी घाई तिथे असते. आमचं जाळं धुक्यासारखं बारीक असतं आणि त्याला सैल झोळ असतो. पक्षी झोळात पडतो, लटकत नाही. जाळ्यापासून कोणी लांब जायचं नाही, हा पहिला नियम. सोडवताना आधी बघायचं की तो कोणत्या बाजूने आत गेला. ज्या बाजूने गेला त्याच बाजूने बाहेर काढायचा. ओढायचा नाही. बहुतेक वेळा आधी पाय मोकळे करायचे, मग पंख, शेवटी डोकं. डोळ्यांवर कापड टाकलं की तो शांत होतो. आणि फोटोत मान आवळलेली दिसते, तशी ती नसते, दादाजी. दोन बोटांच्या मध्ये नुसती ठेवलेली असते, पाठ तळहातात. छाती अजिबात दाबायची नाही. पक्षी छाती हलवून श्वास घेतो, ती दाबली तर गुदमरतो. हे शिकायला मला एक अख्खा हिवाळा लागला. तोपर्यंत पुनमताईंनी मला फक्त पिशव्या धरायला ठेवलं होतं. पुनमताई आमच्या गटाच्या प्रमुख, आपल्या बोदवडच्याच आहेत.

बेडी नव्हे, कडं. आजीच्या पैंजणातली एक कडी त्याहून जड असेल. त्यावर क्रमांक असतो. इथे खाडीच्या एका भागात भराव टाकायचं चाललंय. कोणालाही विचारा, म्हणतात, "पक्षी काय, जातील दुसरीकडे." दुसरीकडे म्हणजे कुठे? जगतात का तिथे? हे कोणी पाहिलेलंच नाही, कारण सगळे पक्षी सारखे दिसतात. कडं घातलं की हा 'तो' पक्षी होतो. गेल्या वर्षी पकडलेला एक चिखल्या यंदा त्याच दगडापाशी सापडला. सैबेरियाच्या बाजूला जाऊन आला आणि परत त्याच दगडापाशी! त्याला 'दुसरीकडे' जायचं नव्हतं, दादाजी.

शेतात येणाऱ्यांचं तर कोणालाच काही ठाऊक नाही. दादरीवर येणारे भारीट, बांधावरचे धोबी, चंडोल. आपल्याकडचे कोणी मोजलेच नाहीत. म्हणून पहूर हवं होतं.

कानटोपी घालते. खरंच.

तुमची,
मुस्कान


जामनेर,
१७ डिसेंबर २०२४

चि. मुस्कान,

जय जिनेंद्र. पत्र पोचलं. मी तीन गोष्टी विचारल्या होत्या, तू दोहोंचं उत्तर दिलंस. शेतीसामानाच्या दुकानात सत्तेचाळीस वर्षं बसलो आहे. गिऱ्हाईक कोणत्या प्रश्नाला बगल देतं ते मला कळतं.

सध्या गावात साध्वीजी मुक्कामाला आहेत. त्यांच्यापुढे विषय काढला. म्हटलं, नात पक्षी पकडते, हे पाप ना? त्या म्हणाल्या, "पकडणं म्हणजे पीडा, ती पीडाच. पण ती जयणेने करते का?" जयणा म्हणजे काय ते तुला लहानपणी शिकवलं आहे: पाऊल टाकतानाही खाली बघून टाकायचं. मी म्हटलं, ते मला कसं कळणार? त्या म्हणाल्या, "मग मला कशाला विचारता, तिला विचारा." बाकीचे हसले. मला हसू आलं नाही.

म्हणून विचारतो. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर दे.

दादाजी


डहाणू,
२३ डिसेंबर २०२४

प. पू. दादाजी,

मरतो. क्वचित, पण मरतो. तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा माझ्या हातात एकही मेला नव्हता. इतरांच्या हातून गेलेले माहीत होते. ते लिहायला लेखणी उचलली नाही.

आता माझ्याही हातात गेला. गेल्या शनिवारी, तुमचं दुसरं पत्र आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी. उजाडता उजाडता भरतीचं पाणी चढत होतं आणि टिलव्यांचा थवाच्या थवा एकदम जाळ्यात आला. टिलवा म्हणजे अगदी चिमुकला, फोटोतला तोच. आम्ही चौघे होतो, पक्षी खूप होते आणि पाणी वर येत होतं. धावत धावत सोडवत होतो. शेवटचा माझ्याकडे आला तेव्हा त्याचा पाय दोऱ्यात दोनदा गुंडाळलेला. मी नीट सोडवला. छाती दाबली नाही, दादाजी, शपथेवर सांगते. त्याने माझ्याकडे बघितलं, डोळे मिटले आणि मान टाकली. मी त्याला हातात घेऊन किती वेळ फुंकर घालत बसले, ठाऊक नाही.

पुनमताई आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "नोंद कर." बस. एवढंच. मला त्यांचा इतका राग आला की मी दिवसभर त्यांच्याशी बोलले नाही.

आम्ही जयणेने करतो, असं मी तुम्हाला लिहिणार होते. आता कोणत्या तोंडाने लिहू? संक्रांतीला घरी येते. येताना सामान घेऊनच येईन. परत जायचं मनात नाही. दुकानात हिशेबाला बसेन किंवा शाळेत शिकवेन. तुमचंच बरोबर होतं.

मुस्कान


जामनेर,
५ जानेवारी २०२५

चि. मुस्कान,

जय जिनेंद्र.

तुझं पत्र येऊन आठवडा उलटला. आधी खरं ते सांगतो. वाचून मला बरं वाटलं. पोर घरी येणार. पत्र घेऊन स्थानकात जावं आणि पुखराजजींना दाखवावं, इथपर्यंत मनात आलं. गेलो नाही, पण आलं होतं.

मग गुरुवारी पहूरला गेलो. चुडामणला सांगायचं होतं की विषय मिटला, आता तुझ्या शेतात कोणी येत नाही. तो पेरूच्या बागेत होता. ही बाग तू पाहिलेली नाहीस. विहिरीपलीकडे तीन वर्षांपूर्वी लावली आणि यंदा झाडं लगडली आहेत. पोपटांपासून राखायला त्याने वरून आणि चारी बाजूंनी जाळी टाकली आहे. हिरवी, नायलॉनची, कुठे ताणलेली, कुठे जमिनीपर्यंत लोंबणारी.

त्या लोंबत्या जाळीत नीलकंठ अडकला होता. उलटा. एक पंख पसरलेला, दुसरा पाठीशी पिळलेला. थोड्या अंतरावर एक बुलबुल वाळून कोळ झालेला लटकत होता. मी चुडामणकडे बघितलं.

"शेठ, हे तं रोजचंच हाये," तो म्हणाला. "सकाळी काढतो अन् फेकतो. मले काय हौस हाये का? पोपट एका दिवसात झाड रिकामं करून टाकतात."

तो विळा घेऊन पुढे झाला. मेलाच आहे असं धरून जाळीसकट कापून काढणार होता. तेवढ्यात त्याची बायको कमलबाई धावत आली. ती धुळ्याकडची, शिंदखेड्याची. लग्नाला चाळीस वर्षं झाली तरी बोलणं माहेरचंच. ओरडली, "जित्तं शे भाऊ, जित्तं शे!"

खरंच जिवंत होता. चोच उघडली त्याने.

आता कोणी काय करावं? चुडामण जाळी ओढू लागला तशी मी त्याचा हात धरला. म्हटलं, ओढू नको. कोणत्या बाजूने आत गेला ते बघ. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. शेवटी मीच खाली बसलो. मुस्कान, अठ्ठ्याहत्तर वर्षांत मी पक्ष्याला कधी हात लावला नव्हता. दाणे टाकले, पाणी ठेवलं, हात लावला नाही. स्पर्शाने त्याला पीडा होते, असंच शिकलो. कमलबाई म्हणाली, "मी जायं धरस, तुम्ही सोडा." तिने दोन्ही हातांनी जाळी उचलून धरली. गळ्यातला गमछा मी त्याच्या डोक्यावर टाकला. तू लिहिलं होतंस तसा तो खरंच शांत झाला. आधी पाय. दोरा मांडीत रुतला होता, तो कमलबाईने नखाने सोडवला. मग पंख. उकिडवं बसून माझा तोल जाऊ लागला, तसे चुडामणने मागून माझे खांदे धरले. छातीला हात लागू दिला नाही. तरी ते काळीज तळहाताला लागलंच. तू लिहिलं होतंस, पण वाचणं वेगळं.

सोडला तर तो जमिनीवरच बसला. मला वाटलं, संपलं. कमलबाईने वाटीत पाणी ठेवलं, त्याकडे त्याने ढुंकून पाहिलं नाही. मग एकदम उडाला, वेडावाकडा, विजेच्या तारेवर जाऊन बसला. एक पंख जरा खाली. बराच वेळ तिथे होता. आमच्या देखत तो बाभळीकडे उडून गेला, तेव्हा त्याचं उडणं सरळ होतं. त्यापुढचं मला ठाऊक नाही.

मी चुडामणला विचारलं, ही असली जाळी कुठून आणलीस?

कमलबाईनेच सांगितलं, तुमच्या दुकानातून. अमनने दिली.

घरी येऊन अमनला विचारलं. तो म्हणाला, "दादाजी, गेल्या वर्षापासून विकतोय. सगळेच विकतात. तुम्ही मागच्या गोदामात येत नाही." वरून म्हणाला, "मग शेतकऱ्यांनी पेरू पोपटांना द्यायचे का?" त्या दिवशी जेवण गेलं नाही. नातीला जाळेवाली म्हणालो, आणि जाळीचे गठ्ठे माझ्या पाटीखाली.

आता नीट वाच. तू सोडू नकोस. माझं मत बदललं म्हणून लिहीत नाही. पक्षी पकडणं मला आजही पटत नाही आणि बहुधा पटणारही नाही. पण जाळी तर जगात आहेतच. चुडामणच्या जाळीत रोज मरतात आणि त्याची झोप मोडत नाही. तो वाईट माणूस नाही, त्याला तसं कोणी काही सांगितलेलंच नाही. तुझ्या हातात एक गेला आणि तू घर गाठायला निघालीस. ज्याला मेलेल्याचं वाटतं, अशा माणसाने जाळ्यापासून उठून जायचं नसतं. त्याच्या जागी कोण बसेल?

चुडामणला सांगितलं आहे, माझा नकार मी मागे घेतला. त्याला म्हटलं, शेत तुझं आहे, तुझं तू ठरव. तो म्हणाला, "पोरीले येऊ द्या. पन माही जाळी पयले बघून दे म्हना."

तेव्हा पेरूवर कोणती जाळी टाकावी की पेरूही राहतील आणि पाखरंही, ते सविस्तर कळव. अमनला वाचून दाखवायचं आहे.

दादाजी


डहाणू,
११ जानेवारी २०२५

प. पू. दादाजी,

तुमचं पत्र खाडीवर वाचलं, मग खोलीवर वाचलं, मग पुनमताईंना वाचून दाखवलं. गमछ्याच्या ओळीपाशी मला पुढे वाचता येईना, तेव्हा त्यांनी हातातून घेऊन स्वतः वाचलं.

त्यांच्याबद्दल मी तुम्हाला चुकीचं लिहिलं. 'नोंद कर' म्हणाल्या तो कोरडेपणा नव्हता. मला आता दाखवलं त्यांनी: गटाच्या हातून गेलेला प्रत्येक पक्षी, कधी, कशाने, भरती किती होती. त्या टिलव्यानंतर दुसऱ्या दिवशी निम्मी जाळी उतरवली होती. मी रागात होते, माझ्या लक्षातही आलं नाही. पाणी चढत असताना जाळं उघडं ठेवायचं नाही, असा नियमच आता झाला आहे. मी विचारलं, तुम्हाला कधी सोडावंसं वाटलं नाही? म्हणाल्या, "दर हिवाळ्यात एकदा वाटतं. ज्या वर्षी वाटणार नाही त्या वर्षी सोडीन."

सामान बांधलेलं होतं, ते सोडलं.

आता पेरू. अमनला सांगा: जाळी सैल नको, खाटेच्या नवारीसारखी ताठ हवी, म्हणजे पक्षी आदळून परत फिरतो, गुंतत नाही. बारीक भोकांची घ्यायची, करंगळीही जाऊ नये अशी. हिरवी नको, पांढरी, म्हणजे पक्ष्याला दिसते. खालची कड जमिनीवर लोळवायची नाही, वर बांधून टाकायची. सकाळ-संध्याकाळ एक फेरी. आणि तोडणी झाली की लगेच गुंडाळून ठेवायची. रिकाम्या झाडांवरच्या विसरलेल्या जाळीत सगळ्यात जास्त मरतात. थोडी महाग पडते, पण जास्त वर्षं टिकते. अमनला हे शेवटचं आधी सांगा.

संक्रांत झाली की पुनमताई आणि मी येतोय. वनखात्याची परवानगी आहे. फक्त दोन जाळी लावू आणि दोघी तिथून हलणार नाही. तुम्ही याल का शेतावर? न आलात तरी मी रागावणार नाही. पण याल का?

तुमची,
मुस्कान


जामनेर,
१६ फेब्रुवारी २०२५

चि. मुस्कान,

जय जिनेंद्र. तुम्ही दोघी गेलात आणि घर पुन्हा नीट आवरल्यासारखं झालं. आवडलं नाही.

इथे असताना जे बोललो नाही ते लिहितो. शेवटच्या सकाळी तू धोबी पक्षी माझ्यापुढे धरलास, "दादाजी, तुम्ही सोडा," म्हणालीस, आणि मी हात मागे घेतला. तुझं तोंड उतरलं, ते मी पाहिलं. त्यात तुझा अव्हेर नव्हता, बेटा. नीलकंठाला हात लावला तेव्हा गरज होती. इथे त्याला सोडायला तुझे हात होते, माझ्या हौसेसाठी आणखी एका हातातून त्याने कशाला जावं? तेवढी माझी जयणा मला ठेवू दे. कमलबाईने हौसेने घेतला ते मात्र बघायला बरं वाटलं. "जाय माय, तुना घर जाय," म्हणाली, सासरी निघालेल्या लेकीला म्हणावं तसं. आणि तू जाळ्यापाशी कशी वावरतेस, ते मी खाटेवर बसून पाच दिवस पाहिलं. बांधावरून चालताना तू दर पावलाला खाली बघत होतीस. साध्वीजी विहार करून पुढे गेल्या, नाहीतर त्यांना जाऊन सांगितलं असतं. आता पत्र पाठवून कळवणार आहे.

अमनने हिरवी जाळी परत केली. पांढरी मागवली. ती विकताना तो गिऱ्हाइकाला उभं करून तुझे सगळे नियम ऐकवतो, एकही गाळत नाही. सुपडू पाटील वैतागून म्हणाला, "जाळी घ्यायला आलो का कीर्तनाला?" आणि दुसऱ्या दुकानात गेला. आठ दिवसांनी परत आला. तिकडच्या जाळीत त्याच्या घरचं पाळलेलं कबुतर गुंतलं होतं.

पुखराजजींनी परवा पुन्हा विचारलं, "मुस्कान अजून पक्षी पकडते?" म्हटलं, हो, पकडते. आणि पुढच्या हिवाळ्यात पुन्हा इथेच येणार आहे; तुमच्या बोराच्या मळ्यातही जाळी आहे ना, तीही बघेल. नंतर ते स्थानकाबाहेर माझ्यासाठी थांबले आणि पांढरी जाळी काय भावाने पडते ते विचारलं.

चुडामणची नवी जाळी तुझ्या देखतच ताणली. आता मी दर गुरुवारी पहूरच्या एसटीने जातो. कमलबाई चहा ठेवते, मग आम्ही दोघं बागेला फेरी घालतो. ती एका बाजूने, मी दुसऱ्या. खालच्या कडेला हात लावत, वर बघत. चुडामण हसतो, म्हणतो, शेठ, पेरू तुम्ही राखता का पाखरं?

आजही गेलो होतो, गुरुवार नसताना. सगळी बाग फिरलो. जाळीत काही नव्हतं. पोपट बाहेरच्या लिंबावर बसून शिव्या देत होते. एवढं कळवायला पत्र लिहावं का, असा एसटीत विचार करत आलो.

दादाजी